ताणकाटा

जिंतूरला बसस्टँडामागं माझं दुकान.
तेवीस वर्षं पाण्याखालच्या मोटारी बांधतोय,
तांब्याची तार, जळक्या वार्निशाचा वास.
बोअरमध्ये पुरल्यासारख्या उतरतात
आणि जळून वर येतात.
पाण्यावरून माणूस नेणारी मोटार
मला कुणी मागितली नव्हती.

चंपती भोई येलदरीवरनं आला,
डावा हात खांद्यापासून जरा लोंबता.
म्हणाला, पाच एचपीची बसवा.
मी म्हणालो, पाच एचपीनं उसाला पाणी देतात.
तुझी पत्र्याची होडी, आत तू, जाळं आणि डबा.
तो म्हणाला, मंग किती?
मला माहीत नव्हतं.

म्हणून धरणावर गेलो.
दोन होड्या, मधे नायलॉनची दोरी,
दोरीत मासळी तोलायचा ताणकाटा.
पुढं भाचा सुदाम, उसन्या डिझेल इंजिनावर.
माणसाच्या चालीनं निघालो तेव्हा
काटा आठ किलोवर थरथरत राहिला.

आठ किलो. एक बरा कटला.
एवढ्यापायी हा गडी
तीस वर्षं खांदा झिजवत होता.

मग सुदामनं, न विचारता, वेग दुप्पट केला.
काटा बत्तिसावर आदळला, स्प्रिंग कण्हली,
मी ओरडलो, अरे कमी कर!
पण गणित हाती लागलं होतं:
दुप्पट घाईला चौपट ओढ
आणि बॅटरीतनं आठपट उपसा.

वीजबिलाच्या पाठीवर मांडलं.
पंख्याची गळती धरून, मोटारीची धरून,
सव्वादोनशे वॅट.
घरातला मिक्सर याहून जास्त खातो.
चंपतीला हे अपमानासारखं वाटलं.
बराच वेळ तंबाखू मळत बसला.

शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त, पण
होडीत आणखी एक माणूस बसवल्यासारख्या,
आणि तो माणूस कधी वल्हं धरत नाही.
मी लिथियमचे आठ सेल आणले, निळे, विटेएवढे,
नांदेडला बंद पडलेल्या ई-रिक्षातले.
बल्ब लावून रात्ररात्र एकेक रिकामा केला,
वहीत वेळ लिहिली.
सात जण पहाटेपर्यंत टिकले.
पाचवा साडेतीनलाच बसला.

त्याच्या जोडीचा दुसरा मिळेना.
चंपतीला सांगितलं, सरळ बोललो:
सगळे एका ओळीत बांधलेले,
हा थकला की बीएमएस सगळ्यांना थांबवणार.
शंभराची बँक आपण सत्तरच धरायची.
त्यानं उजवा हात डाव्या खांद्यावर नेला,
तिथंच ठेवला.
असू द्या म्हणाला, त्याच्याच मापानं चालू.

बर्फाच्या जुन्या पेटीत बँक बसवली.
प्लसच्या बुडाशीच फ्यूज,
बोटाएवढी केबल, नट दोनदा आवळले.
पंखा मोठा घेतला, सावकाश फिरणारा.

डिसेंबरात, उजाडता उजाडता, होडी लोटली.
चंपतीनं मूठ फिरवली आणि माझ्याकडं पाहिलं:
चालायलीय का बंद हाय?
काठाकडं बघ, मी म्हणालो.
काठ मागं सरकत होता.
त्याचा विश्वास बसेना, त्यानं नळीवर तळवा टेकला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकतात तसा.
चांदव्यांच्या थव्यातून गेलो.
दोन-चार बाजूला झाले. उडालं कुणीच नाही.
वल्हं मात्र त्यानं पायाशी ठेवलंय,
अजूनही.

महिन्यानं दुकानात आला.
मी विचारलं, मोटार?
मोटार ठीक हाय म्हणाला,
आणि पिशवीतनं ताणकाटा काढून टेबलावर ठेवला.
त्या दिवसापासनं रिकामा टांगला तरी
पाव किलो दाखवतो.
गिऱ्हाईक भांडतंय.

काटा खिळ्याला अडकवला. खरंच, पाव किलो.
स्प्रिंग बदलता आली असती.
मी म्हणालो, ठेवून जा, नवा घे माझ्याकडनं.

खिळ्यावरच आहे तो.
कुणी पाच एचपी मागत आलं
की आधी त्याच्याकडं बोट दाखवतो.